हिरवी केळी, जांभळी पुडी

केळ्याच्या पॅकहाऊसमध्ये केमिस्टचं काय काम, हा प्रश्न मला आजवर पुष्कळांनी विचारला आहे. सगळ्यात आधी विचारला माझ्या वडिलांनी. त्यांचा सगळा जन्म बुऱ्हाणपूरजवळच्या फोपनारच्या मळ्यांतून केळीचे घड डोक्यावर वाहून ट्रकमध्ये भरण्यात गेला. त्यांच्या हिशेबाने केळ्याला पाणी लागतं, खत लागतं आणि नशीब लागतं. रसायनशास्त्र लागल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. पदवीच्या कागदाला त्यांनी काच बसवून आणली, तो भिंतीवर टांगला, त्याच्याखाली उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चांगलाच दिसते. पन ह्याचा केळाला काय उपेग?"

उपयोग सांगते. झाडावरून तोडलेलं केळं मेलेलं नसतं, ते श्वास घेत असतं. पिकायला लागलं की त्याच्यातून इथिलीन नावाचा एक वायू सुटतो. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. पण शेजारच्या केळ्याला तो बरोबर कळतो आणि तेही पिकायला लागतं. त्याच्यामुळे तिसरं, चौथं, आणि मग पूर्ण खोका. बुऱ्हाणपूरच्या कुठल्याही गल्लीत एका घरचं लग्न मोडलं की दुपारपर्यंत साऱ्या गल्लीला कळतं, तसंच हे. केळं दिल्लीला पाठवायचं असेल तर फारसं बिघडत नाही, चार दिवसांत माल पोचतो. आखातात पाठवायचं असेल तर थंड कंटेनरमध्ये, जहाजावर, पंधरा-वीस दिवस ते हिरवंगार राहायला हवं. म्हणजे ही बातमी पसरण्याआधीच कोणीतरी गिळून टाकायला हवी. ते गिळणारं जे औषध, त्याची मी केमिस्ट.

औषधाचं नाव पोटॅशियम परमँगनेट. आमच्याकडे सगळे त्याला लाल दवा म्हणतात. तिच्यात लाल काय आहे हे मला अजून कळलेलं नाही. बाटलीत ती काळी दिसते, पाण्यात टाकली की जांभळी होते आणि हाताला लागली की तपकिरी. एक खडा बादलीत पडला तरी अख्खी बादली रंगते. कॉलेजातले आमचे सर सांगायचे, हा क्षार फार उदार आहे, स्वतःजवळचा ऑक्सिजन समोर येईल त्याला देऊन टाकतो. ज्याला मिळतो त्याचं मात्र भलं होईलच असं नाही. जंतूला मिळाला तर जंतू मरतो. इथिलीनला मिळाला तर त्याचं इथिलीनपण संपतं. ग्लिसरीनला मिळाला तर आग लागते. सरांनी ती आग आम्हाला वर्गात लावून दाखवली होती. माझ्या घरात तोवर आग फक्त चुलीत लागायची. काडी न ओढता, थेंबभर ग्लिसरिनाने पेटलेली ती ज्वाळा पाहून मी ठरवलं की शिकायचं तर हेच. त्या सरांचे उपकार फिटणारे नाहीत.

पॅकहाऊसमध्ये मी पुड्या बनवते. साबुदाण्याएवढे मातीचे पांढरे मणी येतात. ते परमँगनेटच्या दाट पाण्यात भिजवायचे, सावलीत वाळवायचे आणि हवा आत-बाहेर जाईल अशा कागदात बांधायचे. एका खोक्यात एक पुडी. मणी वाळत घातलेले असले की येणारा-जाणारा थांबतोच. एकदा एकादशीला एका बाईने मला विचारलं, "ही जांभळी खिचडी उपासाला चालते का?" तेव्हापासून ताटांशेजारी मी मोठ्या अक्षरांत 'खाऊ नये' अशी पाटी लावली. पाटी लागल्यापासून लोक तिथे जास्त वेळ थांबतात.

या कामात बोटं रंगतात. हातमोजे असतात, पण हातमोजे फाटतात आणि नवे मागवले की मालक विचारतात, "जुने कुठे गेले?" लिंबाने चोळलं तर डाग थोडा उतरतो, बाकी कातडीबरोबरच जातो. एका निवडणुकीत मी गावच्या शाळेत मत द्यायला गेले, तर शाई लावणाऱ्या कर्मचाऱ्याने माझा हात धरला आणि दहाच्या दहा बोटं पाहून शेजारच्याला म्हणाला, "साहेब, या ताई दहा बूथ फिरून आल्यात." मी पोटॅशियम परमँगनेट म्हणजे काय ते त्याला नीट समजावून सांगितलं. रांगेत मागे उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "जाऊ दे रे, शिकलेली दिसते. खोटं इतकं लांब कोन बोलत नाही."

आमच्याकडे लाल दवा असते हे कळल्यावर पॅकहाऊसच्या दाराशी गिऱ्हाइकं यायला लागली. आम्ही ती विकत नाही, पण हे पटत कोणालाच नाही. जैनाबादचा एक शेळीवाला आला. शेळीचे खूर सडले होते. हे काम लाल दवेचं आहेच, म्हणून त्याला थोडी दिली आणि बजावलं, पाणी फिकट गुलाबी झालं पाहिजे, त्याहून गडद नको. आठवड्याने तो शेळीला घेऊन परत आला. तिचे चारही पाय गुडघ्यापर्यंत गडद तपकिरी.

"काका, गुलाबी सांगितलं होतं ना?"

"गुलाबीनं फायदा दिसला बेटा. मंग म्हटलं, जांभळ्यानं जादा फायदा होईन."

पॅकिंगच्या बायकांची मुकादम सुमनकाकू तिथेच उभी होती. शेळीकडे बघून म्हणाली, "हिचं नाव इंग्लिश मीडियममधी घाला आता. मोजे तं आलेच."

दुसरा एक डोईफोडिया गावाकडून आला होता. तिकडे जंगल लागून आहे. सापाच्या चाव्यावर भरायला त्याला लाल दवा घरात ठेवायची होती. त्याच्या आजाने ठेवली होती, बापानेही ठेवली होती. मी म्हटलं, दादा, हिने विष उतरत नाही, जखम मात्र जळते, चावा झाला की सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, तिथे इंजेक्शन असतं. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमची दवाई कमजोर आहे का?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मंग द्या ना."

अशा वेळी वाटतं, आपण कॉलेजात जे शिकलो ते सगळं खरं होतं. फक्त ते ऐकायला माणसं कुठून आणायची, हा पेपर अभ्यासक्रमात नव्हता.

आता आमचे मालक. त्यांना सगळे नारायणभाऊ म्हणतात. बी. कॉम. अर्धं झालं आहे, केळीची बाग चांगली मोठी आहे. बाहेरच्या देशांत माल पाठवायचं मनात भरलं तेव्हा त्यांनी स्वतःचं खताचं गोदाम रिकामं करून त्याचं पॅकहाऊस केलं. माणूस दिलदार. जिल्ह्यात कोणी केमिस्ट ठेवायला तयार नव्हतं तेव्हा त्यांनी मला ठेवलं, आणि गावातल्या मुलीला ठेवलं याचा त्यांना आजही अभिमान आहे. त्यांचा दोष एकच. त्यांना कुठल्याही दोन गोष्टींपैकी एक निवडता येत नाही, दोन्ही हव्या असतात.

एकदा ते स्टिकरांचा गठ्ठा घेऊन आले. वर हिरव्या अक्षरांत छापलं होतं, 'केमिकल फ्री केळी'.

"मॅडम, हर डब्बे पे एक. आजकल यही चलता है."

"भाऊ, डब्यात आपली पुडी आहे. ती केमिकलच आहे."

"पुडी आत आहे ना? स्टिकर तर बाहेर लागणार."

"आणि कोणी डबा उघडला तर?"

ते विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "असं करा. एक स्टिकर पुडीवरही लावा."

पॅकहाऊसमध्ये माझा एकच नियम आहे, आणि तो सगळ्यांना अन्यायाचा वाटतो. पिकलेलं केळं आत आणायचं नाही. डब्यात नाही, पिशवीत नाही, प्रसाद म्हणून नाही. सुमनकाकू हा नियम नव्या बायकांना असा समजावते, "हलवायाच्या दुकानात मिठाई नाय खायची, समज." त्या नियमापायी मला एकदा देवाचा नैवेद्य अडवावा लागला, तो दिवस सांगते.

आमचा पहिला कंटेनर होता. दुबईच्या व्यापाऱ्याने फोनवर सांगून ठेवलं होतं, माल हिरवा उतरला तर सीझनभर घेऊ, पिवळा उतरला तर दुसऱ्या कंटेनरसाठी फोन करू नका. नारायणभाऊंच्या शब्दावर गावातल्या बऱ्याच जणांनी दिल्लीचे ट्रक परत पाठवून आपला माल आम्हाला दिला होता. कंटेनर पिवळा उतरला असता तर पॅकहाऊसचं पुन्हा खताचं गोदाम झालं असतं. सुमनकाकूच्या बायका सावलीतलं काम सोडून परत उन्हात निंदणीला गेल्या असत्या. आणि माझ्यासाठी जिल्ह्यात दुसरी नोकरी नव्हतीच.

नारायणभाऊंनी पूजा ठरवली. त्याला कोणाची हरकत असणार? पण पूजा कंटेनरच्या आत व्हायची होती. नारळ फोडायचा, धूप लावायचा, पिकलेल्या केळ्यांचा नैवेद्य ठेवायचा आणि 'बरकत भरून राहावी' म्हणून दारं थोडा वेळ बंद करायची.

"भाऊ, आत धूप चालणार नाही."

"का? आग लागेल?"

"आग नाही. धुरातही इथिलीन असतं, त्याने केळी पिकतात."

ते मोठ्याने हसले. "मॅडम, हे मला सांगून राहिल्या तुम्ही? आमच्या आजोबांनी सारी उमर धुरावर केळी पिकवली. खोली बंद, मडक्यात धूर, तिसऱ्या दिवशी पिवळी धम्मक."

"मग मी तेच तर म्हणते आहे."

"पण तो गोवरीचा धूर होता. हा चंदनाचा आहे."

सुमनकाकू खोक्यांना पट्ट्या मारत होती. मान वर न करता म्हणाली, "मालक, चंदनाला काय वेगळं शिकवलं हाय का?"

मग मी नैवेद्याकडे वळले. धूर एकदा निघून जाईल, थोडाफार उरला तर पुड्या गिळतील. पण पिकलेलं केळं आत राहिलं तर ते रोज, जहाज पोचेपर्यंत, इथिलीन सोडत राहील. हे मात्र त्यांना लगेच पटलं. केळ्यातला माणूस. त्यांनी सगळ्यांसमोर छोटं भाषणच केलं. म्हणाले, श्रद्धा आपल्या जागी, विज्ञान आपल्या जागी, सायन्स के बिना आज कुछ नहीं. पूजा कंटेनरबाहेर, दाराकडे तोंड करून झाली. वारा कुठून कुठे आहे हे पाहून धूप मी स्वतः ठेवला. गुरुजी म्हणाले, "इतकी दिशा तर मी वास्तुशांतीलाही बघत नाही."

भराई संपली. खोके वरपर्यंत रचले. तपासणीच्या कागदावर माझी सही झाली की दार लागायचं आणि सील बसायचं. मी दाराशी उभी राहिले आणि मला वास आला. पिकलेल्या केळ्याचा. हा वास मला झोपेतसुद्धा ओळखता येतो.

पहिल्यांदा वाटलं, प्रसाद खाल्लेले हात असतील. सुमनकाकूने सगळ्या बायकांना ओळीत उभं करून हात पुढे करायला लावले. सगळ्यांनी हात धुतलेले होते. मग तिने कंटेनरच्या दारातून डोकं आत घातलं, दोनदा हुंगलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "आतमधी हाय."

"काही नाही, बाहेरचा वास आहे," नारायणभाऊ म्हणाले. "मारा सील. गाडीला बंदरावर टाइमात पोचायचं आहे." ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"भाऊ, मी सही करणार नाही."

"मॅडम, मालक मी आहे."

"हो भाऊ. म्हणूनच केळी तुमची पिवळी होतील."

हे मी कसं बोलले मला माहीत नाही. माझ्या वडिलांनी अशा मालकांसमोर आयुष्यात मान वर केली नव्हती. तपासणीचा कागद मी पाठीमागे धरला.

नारायणभाऊंनी वरपर्यंत रचलेल्या खोक्यांकडे पाहिलं. मग विचारलं, "किती खाली करावं लागेल?"

"पूर्ण. कुठे आहे ते माहीत नाही ना."

बाहेर ऊन रणरणत होतं. थंड केलेली केळी एक-एक करून उन्हात काढायची म्हणजे त्यांचा निम्मा जीव इथेच जायचा. बायकांनी पदर खोचले. पहिला खोका उचलला गेला, दुसरा उचलला गेला. नारायणभाऊंनी कपाळ पुसलं आणि कोणाकडेही न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "डाव्या बाजूला. तिसऱ्या रांगेच्या मागे."

तिसऱ्या रांगेमागे, लाल कापडावर, हळदकुंकू वाहिलेली केळ्यांची अख्खी फणी होती. पिवळीजर्द.

बायका फणीभोवती जमल्या. मग सुमनकाकू म्हणाली, "मालक, देवाला एक केळं पुरलं असतं. त्याला कुठं दुबईपर्यंत खात जायचं व्हतं?"

बायका हसल्या. नारायणभाऊ हसले नाहीत. मला म्हणाले, "मॅडम, तुमची पुडी काम करते, मान्य आहे. पण ती रसायन आहे. तिला काय माहीत, ही गाडी कोणाची आहे? किती लोकांचा माल आहे? देवाला तेवढं तरी माहीत आहे."

मी पुडीबद्दल सगळं शिकले आहे. ती किती वायू गिळते, किती दिवस टिकते, थंडीत तिचा वेग किती मंदावतो, सगळं. पण गाडी कोणाची आहे हे काही तिला कळत नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं, तिला माहीत असतं तर बरं झालं असतं.

दारं उघडी ठेवून आत चांगली हवा खेळवली, प्रत्येक रांगेत जास्तीच्या पुड्या टाकल्या, काढलेले खोके परत रचले. मी सही केली. सील बसलं. गाडी गेल्यावर ती फणी बायकांनी रस्त्याकडेला बसून प्रसाद म्हणून खाल्ली. एक केळं मलाही दिलं. या नोकरीत कामाच्या वेळेत मी खाल्लेलं ते एकच केळं. आणि त्याबद्दल एक खंत आहे ती इथेच सांगून टाकते. इतकं गोड केळं आम्ही बुऱ्हाणपूरच्या बाजारात कधी आणत नाही. चांगलं निवडून हिरवं ठेवतो आणि समुद्रापार पाठवतो. आमच्या गावातली पोरं उरलेलं खातात, तेही कसली तरी पावडर मारून घाईघाईने पिवळं केलेलं. हिरवं ठेवायला केमिस्ट लागते. पिवळं करायला कोणालाच कोणी विचारत नाही.

नंतरचे पंधरा-वीस दिवस सगळ्या पॅकहाऊसचं लक्ष दुबईच्या फोनकडे होतं. नारायणभाऊ फोन हातातच धरून फिरायचे, जेवतानासुद्धा. एका सकाळी फोटो आला. उघडलेले खोके, आणि आत फणीवर फणी, तोडल्या दिवशी होती तशी हिरवी. खाली व्यापाऱ्याने दुसरा कंटेनर कधी भरता एवढंच लिहिलं होतं. नारायणभाऊंनी तो फोटो प्रत्येक बाईला वेगवेगळा दाखवला, सुमनकाकूला दोनदा, कारण पहिल्यांदा तिच्याजवळ चष्मा नव्हता. मग शहरात जाऊन मावाजिलेबी घेऊन आले. गावात त्यांनी या गोष्टीचा अर्थ असा सांगितला की देवाला नैवेद्य बाहेरच हवा होता आणि तो बाहेर काढायला त्याने मॅडमला पाठवलं. मी दुरुस्ती केली नाही. आमच्या खानदानात देवाने कोणाला कुठे पाठवल्याचं तोवर कोणी म्हटलं नव्हतं. वडिलांनी ही हकीकत ऐकली तेव्हा ते फक्त म्हणाले, "म्हंजे उपेग हाय."

आता आमचे कंटेनर नियमाने जातात. सील बसायच्या आधी एक रिवाज पडून गेला आहे. नारायणभाऊ दाराशी येऊन दोन्ही हात वर करून उभे राहतात आणि सुमनकाकू त्यांची झडती घेते. कुडत्याचे खिसे, पँटचे खिसे, हातातली पिशवी. तिचं नाक जवळ आलं की ते डोळे मिटून घेतात. ड्रायव्हर लोक याचे व्हिडिओ काढतात. मालकांना त्याचं काही वाटत नाही.

परवाच्या झडतीत काकूला आजवर न सापडलेल्या आतल्या चोरखिशातून एक पुडी निघाली. आमचीच. काकूने ती माझ्या हातात दिली. मी फाडून पाहिली, आत एकही मणी जांभळा नव्हता, सगळे मातकट तपकिरी झाले होते.

"भाऊ, ही संपलेली आहे. मणी असे तपकिरी झाले की त्यांच्यात काहीच उरत नाही. फेकून द्या."

"संपली?" त्यांनी ती माझ्या हातून घेतली, फाटलेला कागद नीट दुमडला आणि पुडी परत खिशात ठेवली. "मॅडम, पहिल्या गाडीपासून हिला जवळ ठेवून राहिलो. आजपर्यंत एकही कंटेनर पिवळा झाला का?"

मी काकूकडे पाहिलं. काकू आकाशाकडे पाहत होती. नारायणभाऊंनी खिशावरून एकदा हात फिरवला आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "चल, मार सील."